हरित प्रवास करा म्हणे!

आज ऑफिसातून मेल आली. वर हिरवं पान, खाली उपदेश: बार्सिलोनाच्या मीटिंगला येताना पर्यावरणाचा विचार करा. केला विचार. जर्मनीतल्या कोलोनहून रेल्वेचं तिकीट काढून बिल टाकलं, तर अकाउंट्सने दुपारीच परत पाठवलं. विमान निम्म्या पैशांत मिळत होतं म्हणे. डोकंच फिरलं.

अरे, ते स्वस्त ठेवलंय म्हणून स्वस्त आहे! परदेशी जाणाऱ्या विमानांच्या इंधनावर जवळपास कुठेच कर नाही, ही रीत 1944 च्या शिकागो करारापासूनची. 2021 मध्ये ब्रसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, कर लावायचा प्रस्ताव आणला, पण करांच्या बाबतीत 27 च्या 27 देशांनी हो म्हणावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. परदेशी विमान तिकिटावर व्हॅट शून्य. माझ्या रेल्वे तिकिटातल्या जर्मनीच्या टप्प्यावर मात्र 7 टक्के. हो, 2012 पासून युरोपातल्या उड्डाणांना कार्बन सोडण्याचे परवाने लागतात, मान्य. त्यातले बहुतेक वर्षानुवर्षं फुकट वाटले, तेही सांगा मग.

पैशांचं एक वेळ सोडा. आई इथे आली होती तेव्हा मी हौसेने तिला याच मार्गाने नेलं. पॅरिसला गार द्यू नॉर स्टेशनवर उतरून गार द लियॉन या दुसऱ्या स्टेशनला जायचं. पहिली गाडी उशिरा पोचली, पुढची गेली निघून. खिडकीवरचा माणूस म्हणाला, तिकिटं दोन कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली, आमचा संबंध नाही, नवीन घ्या. आईने तिथेच बॅगेवर बसून दशम्यांचा डबा सोडला. म्हणाली, "अगं, बार्शीहून पुण्याला जाताना आम्ही कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत बसायचो. रूळ वेगळे, तिकीट एकच."

बार्शी लाइट रेल्वेचे ते अडीच फुटी रूळ! आता तिथेही ब्रॉडगेज आहे. इकडे 2021 मध्ये युरोपने 'रेल्वे वर्ष' साजरं करायला लिस्बनहून युरोपभर फिरत पॅरिसपर्यंत खास गाडी नेली, तर तीन वेगवेगळ्या गाड्या लागल्या, कारण स्पेन-पोर्तुगालच्या रुळांची रुंदी वेगळी आणि बाल्टिक देशांची आणखी वेगळी.

आणि युरोपच्या ग्रीन डील या पर्यावरण योजनेत लिहिलंय, 2050 पर्यंत वाहतुकीतलं कार्बन उत्सर्जन 90 टक्के कमी करणार. कशाच्या जोरावर? फ्रान्सने 2023 मध्ये जवळच्या अंतराची विमानं बंद केली म्हणून केवढा गाजावाजा झाला, प्रत्यक्षात पॅरिसच्या ओर्ली विमानतळाहून सुटणारे तीन मार्ग! त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिस-बर्लिन रात्रीची गाडी सुरू झाली. दोन वर्षांत फ्रान्सने अनुदान थांबवलं, आणि ती चालवणाऱ्या ऑस्ट्रियन रेल्वेने ती गुंडाळली.

भारतातल्या गाड्या वेळेवर असतात असं मी म्हणत नाहीये, वेटिंग लिस्ट मलाही माहीत आहे. पण दिब्रुगडला बसून कन्याकुमारीपर्यंत, चार हजारांहून जास्त किलोमीटर, एका पीएनआरवर जाता येतं. इथे जून 2023 पासून प्रवासी हक्कांचा नवा कायदा आहे, तोही गाडी चुकल्यावर मदतीला येतो तो तिकीट एकच असेल तर. म्हणजे त्या खिडकीवरच्या बिचाऱ्याने नियमच सांगितला होता. आईलाही त्याचा राग नव्हता, निघताना ती त्याला दशमी देऊ करत होती. तो गोंधळला.

सगळंच वाईट नाही. लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट. जर्मनीतही सोळा राज्यं पैशांवरून भांडत भांडत का होईना, 2023 मध्ये लोकल गाड्या, बस, ट्रामच्या एका मासिक तिकिटावर आली. आईला ते फार आवडलं, ट्राममध्ये चढताना सुट्टे शोधायला नकोत. सोळांना जमतं तर सत्तावीसांना का नाही? की विमानवाल्यांना दुखवायचं नाहीये?

बिल उद्या पुन्हा टाकणार आहे, रेल्वेचंच. नाही दिलं तर वरचे पैसे माझे. आणि ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय त्यांनी आपापल्या युरोपीय खासदाराला युरोपभर एकच तिकीट चालावं म्हणून मेल करा. मी मसुदा लिहितेय, हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. जर्मनमध्ये आहे, डच कोणी करून देईल का?