सोव्हिएत संघाचे पंधरा देश ‘एका रात्रीत’ जन्मले नाहीत

माझी भाची राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करते. अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा ‘सोव्हिएत संघ : पाच मिनिटांत उजळणी’ हा मेसेज तिने वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला होता. मजकूर थोडक्यात असा : 26 डिसेंबर 1991 रोजी एका रात्रीत 15 देश तयार झाले, जनतेला हे नको होतं, सोव्हिएत संघाचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी ते लादलं, युक्रेन नावाचा देश त्याआधी कधी अस्तित्वातच नव्हता, भाषेवर प्रांत केले म्हणून संघ फुटला, भारताने धडा घ्यावा. खाली देशांचा आणि राजधान्यांचा तक्ता. युक्रेनच्या वाक्याखाली तिने लाल पेनने दोनदा रेघ मारली होती, ‘महत्त्वाचे’ म्हणून. ते पाहून गप्प बसवेना.

तारखेचं आधी उरकते. लिथुआनियाने 11 मार्च 1990 लाच स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी 1991 मध्ये तिथल्या राजधानीत, विल्निअसच्या टीव्ही टॉवरभोवती लोक हात रिकामे ठेवून उभे होते, त्यांच्यावर सोव्हिएत रणगाडे आले आणि 14 जणांचा जीव गेला. जॉर्जियाने 9 एप्रिल 1991 ला घोषणा केली. तिन्ही बाल्टिक देशांना (लिथुआनिया, लात्विया, एस्टोनिया) खुद्द मॉस्कोने 6 सप्टेंबरला मान्यता दिली. सगळ्यांत शेवटी कझाकस्तान, 16 डिसेंबर. 26 तारखेला मॉस्कोतल्या सभागृहाने जे आधीच घडून गेलं होतं त्याची नोंद केली, एवढंच. यात ‘एक रात्र’ कुठली?

गोर्बाचेव्ह यांनी लादलं, हे तर सरळ उलटं आहे. 8 डिसेंबर 1991 ला बेलारूसमधल्या बेलोवेझच्या जंगलात संघ संपल्याच्या करारावर सह्या केल्या त्या रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी. गोर्बाचेव्ह तिथे नव्हतेच. ते अखेरपर्यंत संघ टिकवणाऱ्या नव्या संघ-करारासाठी धडपडत होते, आणि 25 डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

‘जनतेला नको होतं’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. 17 मार्च 1991 च्या सार्वमतात सुमारे 76 टक्के मतदारांनी नव्या रूपातला संघ टिकावा असं म्हटलं होतं. पण संघातल्या पंधरापैकी सहा प्रजासत्ताकांनी या मतदानावर बहिष्कार टाकला होता, हे मेसेज सांगत नाही. शिवाय ऑगस्टमध्ये मॉस्कोत कट्टर कम्युनिस्ट नेत्यांनी गोर्बाचेव्ह यांना हटवण्यासाठी उठावाचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्यानंतर वारं पार फिरलं.

आता युक्रेन. हेच वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबलं. संयुक्त राष्ट्रांची सदस्य-यादी कोणालाही बघता येते. युक्रेनच्या नावापुढे तारीख आहे 24 ऑक्टोबर 1945. बेलारूसपुढेही तीच. भारतापुढे 30 ऑक्टोबर 1945. भारताच्या सहा दिवस आधी सदस्य झालेला देश ‘अस्तित्वातच नव्हता’? आता कोणी म्हणेल, ती जागा स्टालिनने जास्तीची मतं हवीत म्हणून पदरात पाडून घेतली होती, युक्रेनचा प्रतिनिधी मॉस्को सांगेल तेव्हाच हात वर करायचा. खरं आहे. पण 1945 सालचा भारत तरी कुठे स्वतंत्र होता? आपल्या वतीने सनदेवर सही करणाऱ्या रामस्वामी मुदलियारांना ब्रिटिश सरकारनेच पाठवलं होतं. म्हणून भारत नव्हताच, असं कोणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

त्याच्याही मागे जा. जानेवारी 1918 मध्ये कीव्हमध्ये युक्रेनी लोकप्रजासत्ताकाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. ते टिकू दिलं गेलं नाही. मग सोव्हिएत युक्रेनची राजधानी 1934 पर्यंत खार्किव होती. मधल्या 1932-33 मध्ये खेड्यांतून सक्तीने धान्य उचललं गेलं आणि लाखो माणसं उपासमारीने मेली. आणि 1 डिसेंबर 1991 ला युक्रेनने सार्वमत घेतलं तेव्हा 84 टक्के मतदान झालं, 90 टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला हो म्हटलं. रशियन बोलणारे मोठ्या संख्येने असलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही हा आकडा 80 च्या वर होता. क्रायमियात जेमतेम 54, पण तिथेही बहुमतच.

हे वाक्य निरुपद्रवी नाही. आजचा युक्रेन बोल्शेविकांनी घडवला, असं पुतिन 21 फेब्रुवारी 2022 ला बोलले आणि तीन दिवसांनी रशियाचं सैन्य आत घुसलं. खार्किवमध्ये डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली मुलं तेव्हा तळघरांत आणि मेट्रो स्थानकांत दिवस काढत होती. त्याच धाटणीचं वाक्य मुलं इथे ‘महत्त्वाचे’ म्हणून पाठ करतायत.

भाषावार प्रांतांचं म्हणाल, तर मध्य आशियातल्या सीमा 1924 पासून मॉस्कोने आखल्या आणि त्यातून उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्यात वाटल्या गेलेल्या फरगाना खोऱ्यात अलीकडेपर्यंत भांडणं होत राहिली, इतपत कबूल. पण सोव्हिएत राज्यघटनेच्या कलम 72 मध्ये प्रत्येक प्रजासत्ताकाला संघातून बाहेर पडण्याचा हक्क लिहिलेला होता. आपल्या घटनेत तसं काहीही नाही. आपल्याकडे भाषावार राज्यं लोकांनी मागून घेतली, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, आणि 1960 नंतर देश फुटला नाही.

राहता राहिला तक्ता. कझाकस्तानपुढे ‘नूर-सुलतान’ आहे, ते खोडा. 1991 मध्ये राजधानी अल्माटी होती, 1997 मध्ये ती अकमोला शहरात हलवली, 1998 मध्ये त्याचं नाव अस्ताना झालं, 2019 मध्ये नूर-सुलतान आणि सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा अस्ताना. किरगिझस्तानची राजधानी ‘फ्रुंझे’ दिली आहे. ते नाव फेब्रुवारी 1991 मध्येच गेलं, आता बिश्केक. आणि मंगोलिया सोव्हिएत संघात कधीच नव्हता. त्याला घुसवताना मोल्दोव्हा गाळलाय. राजधानी किशिनाऊ, स्वातंत्र्य 27 ऑगस्ट 1991.