खोगीर आहे का, ते बघा आधी!

काल रात्री फरशीवर बसून फूटपट्टीने ४६ सेंटिमीटर मोजले. बायकोने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, दोन चाकांचं एक चाक कुठे होतं ते बघतोय. तिने पुढे काही विचारलं नाही.

थट्टा नाही. युरोपीय संघाचा नियमच तसा आहे. एकाच अ‍ॅक्सलवरची दोन चाकं जिथे जमिनीला टेकतात, तिथे त्यांच्यातलं अंतर ४६० मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं तर ती दोन मिळून एक धरायची. पियाजिओची एमपी३ आठवत असेल, पुढे दोन चाकं असलेली आणि वळणावर झुकणारी स्कूटर. २००६ साली आली तेव्हा हे अंतर होतं ४२०. म्हणजे दिसायला तीनचाकी, कागदावर दुचाकी. मग कंपनीने एलटी नावाचं मॉडेल काढलं. अंतर ४६५, इंडिकेटर जरा लांब लांब, आणि पायाने दाबायचा ब्रेक. साडेचार सेंटिमीटर वाढले, ती कागदावरही तीनचाकी झाली आणि फ्रान्समध्ये नुसतं कारचं लायसन्स असलेली माणसं ती घेऊन रस्त्यावर आली. झुकणं तेच, ओल्या रस्त्यावर पोटात येणारा गोळाही तोच!

अमेरिकेत नेमकं उलटं. तिथल्या केंद्रीय व्याख्येत बसायला सीट किंवा खोगीर (म्हणजे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची गादी) असलेलं आणि जास्तीत जास्त तीन चाकांवर चालणारं मोटारवाहन म्हणजे मोटारसायकल. त्यामुळे पोलारिस कंपनीची तीनचाकी स्लिंगशॉट मोटारसायकल ठरते. तिला गोल स्टीअरिंग आहे, शेजारी-शेजारी दोन सीटा आहेत, सीटबेल्ट आहेत, ती झुकत नाही. पण कारला लागणाऱ्या एअरबॅगचे आणि क्रॅश टेस्टचे नियम तिला लागू नाहीत. २०१४ मध्ये टेक्सासने तर तिची नोंदणीच अडवली, कारण त्यांच्या व्याख्येत खोगीर हवं होतं आणि हिला सीट होती. घोडा गेला, खोगीर राहिलं. पुढे अनेक राज्यांनी अशा कारसारख्या तीनचाकींसाठी ‘ऑटोसायकल’ असा वेगळा वर्ग काढला तेव्हा कुठे जरा डोकं ठिकाणावर आलं.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र इसेटाची. जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू इसेटा या छोट्याशा गाडीला मागे जवळजवळ बसवलेली दोन चाकं होती. ब्रिटनमध्ये तीनचाकीला कर कमी आणि मोटारसायकलचं लायसन्स चालायचं, म्हणून १९५७ पासून ब्रायटनला बनलेल्या बऱ्याच गाड्यांचं एक चाक काढून टाकलं. आता इंजिन उजवीकडे, ड्रायव्हरही उजवीकडे, म्हणून तोल सांभाळायला डावीकडे मुद्दाम वजन बसवावं लागलं. त्यातून मोटारसायकलच्या लायसन्सवर चालवायची तर रिव्हर्स गिअर नको. आणि इसेटाचं एकुलतं एक दार समोर! भिंतीला नाक लावून उभी केली की दार उघडत नाही, गाडी मागे जात नाही. छताला उघडणारं कापड होतं, त्यातून बाहेर या. हे कुणा इंजिनिअरच्या डोक्यातून आलेलं नाही, लायसन्सच्या नियमातून आलंय.

स्वस्त वाहनाला सवलत द्यायला माझी ना नाही. ब्रिटनच्या रिलायंट रॉबिनसारख्या हलक्या फायबरग्लासच्या तीनचाकी गाडीने अशा सवलतीवर कित्येक वर्षं काढली. माझा राग चाकं मोजण्यावर आहे. वळताना गाडी झुकते का, यावरून लायसन्स ठरवा. माणूस बंद खोक्यात पट्टा लावून बसतो की उघड्यावर, यावरून सुरक्षेचे नियम ठरवा. चाकांचा आकडा तिसऱ्या नंबरला आला तरी चालेल.

आणि हे जमत नाही असं नाही. साइडकार लावलेल्या मोटारसायकललाही चाकं तीनच, पण तिसरं चाक एका बाजूला, म्हणून युरोपने तिला सरळ वेगळा वर्ग दिलाय. तिथे कुणी फूटपट्टी काढली नाही.