हरलो की हरले?

२९ ऑगस्ट २०२५ ला संध्याकाळी कोल्हापूरच्या मित्राचा मेसेज आला : ‘भावा, जिंकलो! ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात २-१.’ खालिद जमील प्रशिक्षक झाल्यानंतरचा भारताच्या फुटबॉल संघाचा तो पहिलाच सामना. मी अंगठा दाखवला आणि जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या शेजारी आजोबांकडे गेलो. मी राहतो त्या जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये त्या रात्री वेगळीच धामधूम होती. एचएसव्ही आणि सेंट पाउली हे एकाच शहरातले दोन संघ बुंडेसलिगात, म्हणजे जर्मन फुटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, चौदा वर्षांनी समोरासमोर येत होते. एचएसव्ही आपल्याच मैदानावर ०-२ हरला. आजोबांनी टीव्ही बंद केला, कुत्र्याला पट्टा लावला आणि एक शब्दही न बोलता बाहेर पडले. मी वर येऊन मित्राला लिहिलं, ‘आम्ही मात्र हरलो.’

सकाळी त्याचं उत्तर होतं : ‘आम्ही म्हणजे कोण रे?’

चिमटा बरोबर जागी बसला. माझा जन्म पुण्याचा, इथली भाषा मला अजून डॉक्टरकडे गेल्यावर दगा देते, आणि एचएसव्हीचा नाद लागला तो केवळ खाली आजोबा राहतात म्हणून. तरी ‘आम्ही’ निघून गेलं. मराठीत हा हिशेब फार कडक असतो. ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो, ‘आम्ही’तून तो वगळला जातो, आणि ‘ते’ म्हटलं की बोलणाऱ्याने अंग काढून घेतलेलं असतं. आपल्याकडे संघ जिंकला की ‘आपण जिंकलो’, हरला की ‘घालवली ह्यांनी’. एका रात्रीत सर्वनाम बदलतं आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

ऑक्टोबरात ते बदललंच. मडगावला सिंगापूरविरुद्ध आधी गोल करूनही भारत १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. कॉलेजच्या ग्रुपवर दहा मिनिटांत ते वाक्य आलं, जे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय : ‘दीडशे कोटींतून अकरा जण मिळत नाहीत?’ (तेव्हा शंभर कोटी होते. आकडा वाढला, वाक्य तेच राहिलं.) पाठोपाठ कुणी खेळाडूंच्या पगाराचा हिशेब मांडला, कुणी त्यांना गुरं राखायला पाठवलं. सिंगापूरची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे जिल्ह्याहूनही कमी. हा आकडा संघाची लाज काढायला वापरला जातो. मला तो उलटा दिसतो. लोकसंख्या मैदानात उतरत नसते. जर्मन फुटबॉल महासंघाच्या छताखाली २४ हजारांच्या आसपास क्लब आहेत आणि ७० लाखांहून जास्त सभासद. आमच्या गल्लीच्या टोकाला जे मैदान आहे तिथे सहा वर्षांच्या पोरांपासून पोट सुटलेल्या काकांपर्यंत सगळ्यांचे संघ आहेत. अकरा जण तिथून येतात, जनगणनेतून नव्हे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहिलं. परदेशात राहणाऱ्या माणसाला जो रोग होतो तो मलाही झालेला आहे. सोबत एचएसव्हीची गोष्टही जोडली.

ती गोष्ट अशी. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हापासून कधीच खालच्या डिव्हिजनमध्ये न गेलेला हा एकमेव संघ होता. टोपणनाव ‘डायनासोर’. स्टेडियमच्या एका कोपऱ्यात मोठं घड्याळ होतं, पहिल्या डिव्हिजनमधला काळ सेकंदापर्यंत मोजणारं. १२ मे २०१८ ला त्यावर ५४ वर्षं २६१ दिवस दिसत होते. त्या दिवशी संघ २-१ जिंकला, पण तिकडे तळाच्या शर्यतीतलं वोल्फ्सबुर्गही जिंकलं आणि डायनासोर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. एका टोकाच्या टोळक्याने मैदानावर पेटते फ्लेअर फेकले, सामना थांबला, घोड्यांवरचे पोलीस गवतावर आले. टीव्हीवर ते पाहताना मला १९९६ चं ईडन गार्डन्स आठवलं. फरक इतकाच की बाकीचं स्टेडियम खेळाडूंवर नाही, त्या टोळक्यावर ओरडत होतं.

पुढची सात वर्षं संघ खालीच राहिला. करोनाचे महिने सोडले तर ५७ हजारांच्या त्या स्टेडियमवर पहिल्या डिव्हिजनच्या अनेक संघांपेक्षा जास्त गर्दी होत होती. आणि काय काय सोसलं त्या गर्दीने! २८ मे २०२३ ला झांडहाउझेनमध्ये एचएसव्ही १-० जिंकला, माइकवरून वर गेल्याचं अभिनंदन झालं, लोक मैदानात उतरून नाचायला लागले. दुसऱ्या गावात हायडेनहाइमचा सामना मात्र अजून चालू होता. ०-२ ने मागे पडलेल्या त्या संघाने वाढीव वेळेत दोन गोल करून ३-२ असा विजय मिळवला आणि एचएसव्हीची जागा नेली. नाचणाऱ्यांना ते मोबाइलवर कळलं. आजोबा तो दिवस अजून नावाने घेत नाहीत, नुसतं ‘ते’ म्हणतात. (सर्वनामांची गंमत त्यांच्याकडेही आहे म्हणायची.)

मेसेज टाकून मी समाधानाने चहा ठेवला. तेवढ्यात मित्राचा व्हॉइस मेसेज आला. ‘हे कुणाला शिकवायलास भावा? शाहू स्टेडियमवर ये एकदा. पाटाकडील हरली की आमच्या पेठेत दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिथं कुणी “हरले” म्हणून दाखव. “हरलो”च म्हणतात. शिव्यापण घालतात, पण आपल्या घरातल्याला घालाव्या तशा.’

माझा अर्धा मेसेज तिथेच बाद झाला. कोल्हापूरला विसरून महाराष्ट्राच्या फुटबॉलवर बोलणं हा पुणेकराचा जुना गुन्हा आहे, तो मी हॅम्बुर्गमधून केला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल : हे संघ तालमींचे, म्हणजे पेठेचे. पोरगा आपल्याच बोळातला असतो. कधी प्रेक्षकांत हाणामारी होते, पोलीस बंदोबस्त लागतो, ते काही मी सोवळं करून सांगत नाही. पण हरण्यातून अंग काढून घेणं तिथे जमतच नाही, कारण जाणार कुठे? संघ गल्लीतच राहतो.

मग मला आजोबांचं सभासदत्वाचं कार्ड आठवलं. जर्मनीत ‘पन्नास अधिक एक’ असा नियम आहे. व्यावसायिक संघाची कंपनी केली तरी मतांचं बहुमत मूळ क्लबकडे, म्हणजे सभासदांकडे राहायला हवं. पळवाटा आहेत. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्गला सवलत मिळालेली आहे, आणि लाइपझिगने मोजकेच सभासद घेऊन नियम पाळल्यासारखं केलं आहे. तरी एचएसव्हीत फेब्रुवारी २०१८ मध्ये, संघ गाळात असताना, सभासदांनी मतदान करून विद्यमान अध्यक्षांना घरी पाठवलं. संघ त्यामुळे वाचला नाही, हेही खरं. २०१४ मध्ये फुटबॉल विभागाची वेगळी कंपनी करायचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला, तेव्हा आजोबा विरोधात होते. काही विरोधक तर बाहेर पडून एचएफसी फाल्के नावाचा स्वतःचा संघ काढून अगदी तळाच्या साखळीत खेळायला लागले. आजोबा राहिले. दरवर्षी सभेला जातात, माइकसमोर उभं राहून भांडतात आणि घसा बसवून घेऊन घरी येतात.

म्हणून मला वाटतं, आपल्या लोकांना हरणं पचत नाही वगैरे स्वभावाचे निदान फुकट आहे. आपला राग काही जर्मन रागापेक्षा कच्चा नाही. इथल्या रागाला एक सभागृह आहे, मतपेटी आहे. आपल्याकडे तो हाती लागेल त्या खेळाडूच्या मोबाइलवर जाऊन पडतो. भारतातही जिथे चाहत्याचा क्लबवर हक्क आहे, किंवा निदान तो मानला जातो, तिथे चित्र निराळं असतं. मोहन बागानच्या नावापुढे ‘एटीके’ हे दुसऱ्या क्लबाचं नाव लागलं तेव्हा कोलकात्याचे लोक तीन हंगाम ते काढा म्हणून मागे लागले, आणि मार्च २०२३ मध्ये संघ विजेता झाला त्याच रात्री मालकाला ते काढत असल्याचं जाहीर करावं लागलं.

आणि आपण? प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करणारा, सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून मध्यरात्रीपर्यंत भांडणारा आपला महाराष्ट्र. सभासद म्हणून भांडण्याचा एवढा दांडगा अनुभव आपल्याइतका क्वचितच कुणाला असेल, पण तो फुटबॉलच्या क्लबापर्यंत पोचला नाही. इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) एफसी पुणे सिटी मार्च २०१८ मध्ये पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेली आणि बंगळूरुमध्ये सुनील छेत्रीने तीन गोल करून तिला घरी पाठवलं. बालेवाडीला जाणाऱ्यांनी ते गिळलं, पुढच्या हंगामाची वाट पाहिली. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली, हैदराबाद २०२२ मध्ये चॅम्पियन झालं, आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलवला गेला. भाड्याच्या खोलीसारखी ही जागा फिरते आहे. तिथल्या चाहत्याने ‘आम्ही’ म्हणायचं ते कुणाच्या भरवशावर?

इथलं सगळं गोड आहे असं मात्र नाही. जून २०२३ मध्ये २१ वर्षांखालच्या युरो स्पर्धेत जर्मनीच्या युसुफा मुकोको आणि जेसिक एनगांकाम यांनी इस्राएलविरुद्ध पेनल्टी हुकवल्या, आणि त्यांच्या कातडीच्या रंगावरून सोशल मीडियावर जे लिहिलं गेलं ते २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीच्या वाट्याला आलं त्याहून सभ्य नव्हतं. देशाचा संघ हरला की जर्मनालाही ‘ते’ सापडतात. क्लबात सापडायला जरा अवघड जातं, इतकंच.

१८ नोव्हेंबरला भारत ढाक्यात ०-१ हरला. ग्रुपवर पुन्हा दीडशे कोटी. आयएसएलचा हंगाम तेव्हा सुरूच झालेला नव्हता, लीग चालवण्याच्या हक्कांसाठी एकही बोली आली नव्हती, हे कुणाच्या गावी नव्हतं. मित्राने मला एकट्याला लिहिलं : ‘बांगलादेशाशी हरलो भावा. २००३ नंतर पहिल्यांदा.’ आणि थोड्या वेळाने : ‘तुझ्या आजोबांना विचार, खाली गेल्यावर त्यांनी काय केलं होतं?’

मी खाली जाऊन विचारलं. आजोबा म्हणाले, ‘चार दिवस कुणाशी बोललो नाही. मग पुढच्या हंगामाचा पास काढला.’

तसंच मित्राला कळवलं. त्याचं उत्तर आलं : ‘आमचा पास कुठल्या खिडकीवर मिळतो तेवढं पण विचार.’