पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून कोणाची मेथड चालते?

जावाच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांमध्ये एक उत्तर फार फिरतं: पॅरेंटच्या (मूळ क्लासच्या) कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमधून, मेथड कॉल केली तर पॅरेंटचीच चालते, कारण चाइल्ड (मूळ क्लासवरून बनवलेला क्लास) अजून तयार झालेला नसतो, फील्ड (ऑब्जेक्टमधली किंमत) फायनल, म्हणजे एकदा भरली की न बदलणारी, केली की धोका उरत नाही, आणि सगळ्या ओओपी (ऑब्जेक्टवर आधारलेल्या) भाषांत हे असंच चालतं. जावापुरतं पाहिलं तर पहिलं विधान सपशेल चूक आहे, आणि पाठ करणाऱ्यांचं नुकसान तेच सर्वांत जास्त करतं.

समजा, 'खातं' या क्लासचा कन्स्ट्रक्टर 'दाखव' ही मेथड कॉल करतो. त्याचा चाइल्ड 'बचतखातं' ती ओव्हरराइड करून, म्हणजे स्वतःची वेगळी लिहून, 'दर' छापतं, आणि त्यात 'दर'ची सुरुवातीची किंमत 4 लिहिलेली आहे. नवं बचतखातं तयार करा: छापून येतं 0. म्हणजे मेथड चाइल्डचीच चालली. न्यू म्हणताच पूर्ण ऑब्जेक्टची जागा मिळते, सगळी फील्ड्स शून्य किंवा नल (रिकामी) होतात, आणि हा ऑब्जेक्ट बचतखात्याचा आहे हे तेव्हाच ठरलेलं असतं. जेव्हीएम (जावाचा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) त्यावरूनच मेथड निवडतं. 'दर = 4' ही ओळ मात्र सुपरचा, म्हणजे पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरचा, कॉल संपल्यावर चालते. 'दर'च्या जागी एखादी लिस्ट असती आणि मेथडने तिची लांबी विचारली असती, तर नल पॉइंटर एक्सेप्शन (रिकाम्या जागेवर काम केल्याची चूक) आलं असतं, आणि समोर लिस्ट तयार करणारी ओळ धडधडीत दिसत असताना माणूस तासन्‌तास चूक भलतीकडेच शोधत बसतो.

फायनलचं म्हणाल, तर 'फायनल दर = 4' लिहिल्यावर खरंच 4 येतो, कारण कंपायलर तो आकडा थेट वापराच्या जागी बसवतो. हा गैरसमज बहुधा इथूनच पसरला असावा. दर कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून घ्या, फायनल असूनही पुन्हा 0.

सगळ्या भाषांत सारखं? सी++ मध्ये खरोखरच पॅरेंटची मेथड चालते. सी शार्पमध्ये चाइल्डची चालते, पण तिथे चाइल्डच्या फील्ड्सच्या सुरुवातीच्या किंमती आधीच भरलेल्या असतात. पायथनमध्येही चाइल्डचीच, आणि इनिटमध्ये (पायथनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये) पुढे भरायचं ॲट्रिब्यूट (पायथनमधलं फील्ड) तिने वाचलं तर ॲट्रिब्यूट एरर.

जावात कन्स्ट्रक्टरमधून कॉल करायची मेथड प्रायव्हेट किंवा फायनल ठेवा, म्हणजे चाइल्डला ती ओव्हरराइड करता येत नाही. जावा 25 मध्ये सुपरच्या आधीही फील्ड भरता येते, पण ते चाइल्ड लिहिणाऱ्याच्या हातात. पॅरेंट लिहिणाऱ्याला त्याचा भरवसा धरता येत नाही.