गरोदरपणात गणितं सोडवणाऱ्या बायका आणि आमच्या सोसायटीचा ग्रुप

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी परत उगवतो. 'ज्यू लोक इतके हुशार का असतात?' तुम्हालाही आला असेलच. इस्रायलमधल्या बायका गरोदरपणात गणितं सोडवतात, बदाम आणि मासे खातात, घरात कुणी सिगारेट ओढत नाही, म्हणून सगळी नोबेलं त्यांच्या घरी. खाली आपल्याकडचे पाच-सहा जण हात जोडून 'खूप शिकण्यासारखं' म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी बेने इस्राएल आहेत, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. मूळच्या अलिबागकडच्या, आता चाळीस वर्षं ठाण्यात. हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी लिफ्टमध्ये त्यांना छेडलं. म्हणाल्या, "अगं, मी मॅट्रिकला गणितात दोनदा गचकले. आमच्या आईनं बदाम खाल्ले नसतील."

तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये हमासनं इस्रायलवर हल्ला केला आणि गाझात युद्ध पेटलं. त्यानंतर त्याच गृहस्थांनी, ज्यांनी तो बदामांचा मेसेज पाठवला होता, दुसरा पाठवला. जगातल्या बँका, वर्तमानपत्रं, औषधकंपन्या सगळं 'त्यांच्या' मुठीत आहे, युद्धं तेच लावतात, वगैरे. शेवटची ओळ : हिटलर काही उगाच चिडला नव्हता. मला आधी वाटलं, हा माणूस बदलला. मग लक्षात आलं, अजिबात नाही. दोन्ही मेसेज एकच गोष्ट सांगतात : जगभरचे ज्यू म्हणजे एकच माणूस आहे, तो अतिशय हुशार आहे आणि त्याचं काहीतरी आतून ठरलेलं आहे. एकदा हे डोक्यात बसलं की हात जोडायचे की मूठ आवळायची, हे त्या दिवशीच्या बातम्यांवर ठरतं.

त्यात नवीन काहीच नाही हे जास्त चीड आणणारं. 'सगळं जग त्यांच्या मुठीत' हा माल 1903 साली रशियातल्या एका वर्तमानपत्रात 'प्रोटोकॉल्स' नावानं छापला गेला. ज्यूंच्या गुप्त बैठकीचं इतिवृत्त म्हणे! 1921 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'नं परिच्छेदाला परिच्छेद लावून दाखवलं, की हे 1864 सालच्या एका फ्रेंच राजकीय उपहासिकेतून उचललेलं आहे, आणि त्या पुस्तकात ज्यूंचा विषयच नाही, टीका तिसऱ्या नेपोलियनवर आहे. चोरी पकडली जाऊन शंभर वर्षं उलटली. तरी माल ठाण्यात पोचतोच, आता मराठीत, 'सत्य जाणून घ्या' असं वर लिहून.

आपल्याकडे हिटलरचं एक वेगळंच प्रकरण आहे. कडक हेडमास्तर 'हिटलर', सासू 'हिटलर'. त्याचं आत्मचरित्र स्टेशनवरच्या स्टॉलवर यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी विकायला असतं. यातल्या बहुतेकांच्या मनात ज्यूंबद्दल द्वेष नाही, मला मान्य आहे. त्यानं साठ लाख ज्यू मारले, ज्याला होलोकॉस्ट म्हणतात, हे कुणी नीट सांगितलेलंच नाही, एवढंच. पण या अज्ञानाच्या आडोशाला खरा द्वेष फार आरामात बसतो. 'अरे, गंमत केली' म्हटलं की संपलं.

मागे एका व्हिडिओ साइटवर कुणीतरी अलिबागच्या सिनेगॉगचा छोटा व्हिडिओ टाकला होता. साधा, सुंदर. इस्राएल आळी, निळसर भिंत, आतले टांगलेले दिवे. खाली मराठीत प्रतिक्रिया : 'ऑस्ट्रियन पेंटरचं काम अर्धवट राहिलं.' ऑस्ट्रियन पेंटर म्हणजे हिटलर. मी रिपोर्ट केलं. उत्तर आलं की यात नियमांचा भंग आढळला नाही. आता प्रतिक्रिया तपासणाऱ्या यंत्राच्या जागी बसून बघा : ऑस्ट्रियन, पेंटर, काम, अर्धवट. घराला रंग द्यायचा राहिलाय, एवढाच अर्थ निघेल. अपील केलं, दोन ओळींत संदर्भ लिहून. त्याचं उत्तर अजून यायचंय.

यंत्रं काय करू शकतात तेही बघायला हवं. मार्च 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये 51 माणसं मारणाऱ्यानं हल्ला फेसबुकवर थेट दाखवला होता. पुढच्या 24 तासांत फेसबुकनं त्या व्हिडिओच्या 15 लाख प्रती काढल्या, त्यातल्या 12 लाख वर चढतानाच अडवल्या. व्हिडिओचा एक डिजिटल ठसा काढून ठेवतात आणि नवीन येणारा प्रत्येक व्हिडिओ त्याच्याशी ताडून बघतात. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, जर्मनीत हाले गावच्या सिनेगॉगवर हल्ला झाला. तोही थेट दाखवला, ट्विच या व्हिडिओ साइटवर. लाकडी दार टिकलं म्हणून आतली पन्नासेक माणसं वाचली, हल्लेखोरानं बाहेर दोघांना मारलं. थेट पाहणारे पाचच जण होते, पण अर्ध्या तासात व्हिडिओ काढेपर्यंत रेकॉर्डिंग 2200 जणांनी पाहिलं होतं.

ठसा व्हिडिओचा निघतो. टोमण्याचा कसा काढणार? अमेरिकेत 2016 मध्ये ज्यू पत्रकारांच्या नावाभोवती तीन-तीन कंस घालायची टूम जोरात होती, म्हणजे टोळीतल्यांना निशाणा कळावा. ते उघडकीला आल्यावर अनेक ज्यूंनी, आणि ज्यू नसलेल्यांनीही, स्वतःच्याच नावाला कंस लावून घेतले आणि खुणेतली हवा काढली. हे सगळं माणसांनी ओळखलं, माणसांनीच उलटवलं. मराठीतला टोमणा मराठी माणसालाच कळणार. तो काय आपोआप कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांना कळेल?

आता लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणजे इस्रायलवर टीकाच करायची नाही का? खुशाल करा. गाझात मेलेल्या लेकरांबद्दल मीही लिहिलंय आणि 7 ऑक्टोबरला मारल्या गेलेल्यांबद्दलही. ज्यूद्वेषाची जी व्याख्या 2016 पासून अनेक देशांनी स्वीकारली, तिचा मसुदा करणाऱ्यांतले प्रमुख केनेथ स्टर्न स्वतःच सांगतात, की ही नोंदी ठेवण्यासाठी केली होती, विद्यापीठांत लोकांची तोंडं बंद करायला नव्हे. माझी फूटपट्टी घरगुती आहे. नेतान्याहूंच्या सरकारबद्दल बोलताय ना? बोला. त्याचा जाब तिसऱ्या मजल्यावर विचारताय? मग तो द्वेष आहे. आणि 'मुसलमानांना असंच पाहिजे, शाब्बास इस्रायल' म्हणणाऱ्यांनी तर मावशींच्या वतीनं मुळीच बोलू नये. त्यांना कुणाला मारायची काठी व्हायचं नाहीये.

हे लोक आहेत तरी किती? 2011च्या जनगणनेत देशभरात पाच हजारसुद्धा नाहीत. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आलेल्यांचे वंशज अशी त्यांची स्वतःची कथा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून, दिवेकर, पेणकर. नवसाला मलिदा. यात जगाच्या बँका कुठे बसवायच्या ते ज्याचं त्यानं बघावं. आणि आपल्याकडे कुणी त्यांच्या वाटेला जात नाही, असं म्हणायची सोय 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यानंतर राहिलेली नाही.

मी काय करते, विचाराल तर फार काही नाही. एक वही आहे, म्हणजे फोनमधली फाइल : तारीख, लिंक, स्क्रीनशॉट, रिपोर्ट केल्याचा दिवस, आलेलं उत्तर. इंग्लंडमध्ये कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टकडे 1984 पासूनच्या अशा नोंदी आहेत, म्हणून तिथं 'पूर्वी असं नव्हतं' म्हणणाऱ्याला आकडा दाखवता येतो. आपल्याकडे मराठीत कुणी मोजतंय का? संताप म्हणून तो स्क्रीनशॉट पुढे ढकलत नाही, कारण मग त्याचा प्रचार मीच करते. उत्तर द्यायचं तर एकदाच, न चिडता, आणि ते लिहिणाऱ्यासाठी नाही, खाली गुपचूप वाचणाऱ्या चाळीस जणांसाठी. फेसबुकचंच बघा ना. होलोकॉस्ट नाकारणाऱ्या पोस्ट काढायची गरज नाही, असं 2018 मध्ये झुकरबर्ग म्हणत होते, ते स्वतः ज्यू असून. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांना बंदी घालावी लागली. मधली दोन वर्षं लोक कटकट करत राहिले होते.

त्या गृहस्थांना मी ग्रुपवरच 1921ची हकिगत लिहिली. त्यांनी अंगठा दाखवला आणि तासाभरात पार्किंगबद्दल लिहिलं. अ‍ॅडमिननं मला वेगळा मेसेज केला, 'मॅडम, ग्रुपवर राजकारण नको.'

मावशी ग्रुपमध्ये आहेत अजून, पण म्यूट करून. त्यामुळे पाणी कधी जाणार आणि टँकर कधी येणार, एवढे मेसेज मी त्यांना वेगळे पाठवते.