ॲशच्या रेघा आणि सदतीस टक्के

“माणूस मेंढरासारखा वागतो, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशने केव्हाच सिद्ध केलंय,” नितीन म्हणाला. शमाने लगेच अडवलं.

“आकडे उलटे वाचतोयस. १९५६ चा अहवाल घे. १२३ मुलगे, प्रत्येकाला १८ फेऱ्या. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. सारखी कोणती ते सगळ्यांसमोर सांगायचं. गटात खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे सगळे आधीच पढवलेले. १२ फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. त्यात सुमारे ३७ टक्के उत्तरं त्यांच्यामागे गेली. म्हणजे तीनांतल्या जवळजवळ दोन वेळा पोरगं ठाम राहिलं की! चौथा हिस्सा तर एकदाही वाकला नाही.”

“पण एकट्याने उत्तर देताना एक टक्कासुद्धा चूक नव्हती, ते?”

“तीच तर प्रयोगाची ताकद. चूक गटामुळेच झाली, हे छातीठोकपणे सांगता येतं. शिवाय एकेक गोष्ट बदलून बघता येते. विरोधात एकच असेल तर फरक नगण्य, तिघे झाले की जवळपास तिसरा हिस्सा उत्तरं चुकतात. त्यापुढे माणसं वाढवून विशेष काही होत नाही. आणि एकाने जरी खरं उत्तर दिलं, तर चुका चौथाईवर येतात.”

माझ्या मते हा शेवटचा निष्कर्ष ३७ टक्क्यांहून कितीतरी मोलाचा आहे. त्याची चर्चा मात्र कमी होते.

मिलिंदचा आक्षेप काळाचा होता. “१९८० मध्ये पेरिन आणि स्पेन्सर या संशोधकांनी ब्रिटनमध्ये विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांवर हेच केलं. ३९६ फेऱ्यांत फक्त एकदा कुणी गटामागे गेलं!”

“मोजमाप हा त्या पोरांचा रोजचा अभ्यास,” शमा म्हणाली. “त्याच दोघांनी परिवीक्षेवरची, म्हणजे गुन्ह्यानंतर तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेली मुलं घेतली, समोर परिवीक्षा अधिकारी बसवले, तर आकडा ॲशच्या जवळ गेला. चुकण्याची किंमत कुणाला किती, त्यावर सगळं अवलंबून.”

“मग मला हे सांग,” नितीन हटेना, “मुलाला गटाचं उत्तर खरं वाटलं, की वेगळं दिसायची लाज वाटली?”

इथे शमाही थांबली. “ते आकड्यावरून कळत नाही. ॲशने नंतर मुलांना विचारलं, तर दोन्ही कारणं निघाली. कागदावर गुपचूप लिहायला दिलं की चुका बऱ्याच घटतात, म्हणजे लाजेचा वाटा मोठा. पण कुणाच्या बाबतीत किती, ते नाही सांगता येत.”

“आणि रेघ चुकली तर बिघडतं कुणाचं?” मिलिंद.

“म्हणून २०२३ चा स्वित्झर्लंडमधला प्रयोग बघ. रेघांवर ३३ टक्के उत्तरं गटामागे गेली. बरोबर उत्तराला पैसे लावले तर २५. राजकीय मतांवर मात्र ३८!”