साठेबाज पकडले की धान्य स्वस्त होतं? नाही होत!

एक मेसेज परत परत फिरतोय. म्हणणं असं की धान्य महागतं ते फक्त साठेबाजांमुळे, तेव्हा सरकारने साठ्यावर कडक मर्यादा घालावी, निर्यात बंद करावी, मधले सगळे व्यापारी काढून खरेदी-विक्री स्वतःच्या हातात घ्यावी, आणि हे सगळं अचानक करावं म्हणजे कुणाला पळवाट मिळणार नाही. पाठवणाऱ्यांना गरिबांची काळजी आहे यात शंका नाही, पण यातला जवळपास प्रत्येक उपाय कुठे ना कुठे करून झालाय आणि मार शेवटी गरिबालाच बसलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"साठा म्हणजेच साठेबाजी." अहो, धान्य वर्षातून एकदा नाहीतर दोनदा निघतं आणि खाल्लं रोज जातं, मग मधले महिने ते कुणीतरी ठेवायलाच लागतं ना? गोदामाचं भाडं, अडकलेल्या पैशाचं व्याज, कीड, घट हे सगळं त्या ठेवण्यात आलं, आणि सुगीतल्या व नंतरच्या भावात जो फरक दिसतो त्यातला बराचसा हाच खर्च असतो. घेऊन ठेवणारा कुणी उरलाच नाही तर सुगीत भाव आणखी पडणार म्हणजे शेतकरी गेला, आणि पुढे माल संपलेला असणार म्हणजे खाणाराही गेला. छापे पडले की चार दिवस धाकाने माल बाहेर येतो हे खरंय, पण मर्यादा कधी लागेल याचा नेम नसेल तर पुढच्या हंगामात चांगलं गोदाम बांधायला पैसा कोण घालणार?

"निर्यात बंद केली की प्रश्न मिटला." यावर २००८ चा तांदूळ आठवा. त्या वर्षी जगात तांदळाचं पीक बुडालेलं नव्हतं, तरी जानेवारीत टनाला ४०० डॉलरच्या आत असलेला थायलंडचा तांदूळ एप्रिलमध्ये ९०० च्या वर गेला. भारताने बंदी घातली, व्हिएतनामने हात आखडता घेतला, ते बघून फिलिपिन्सने घाबरून मिळेल त्या भावाने टेंडर काढली, आणि प्रत्येक देश दुसऱ्याच्या भीतीने आणखी घाबरत गेला. मग उतरला कशाने? इतर कारणं होतीच, पण मोठा फरक पडला तो जपानने आपल्याकडे पडून असलेला आयात तांदूळ बाहेर सोडू असं नुसतं जाहीर केल्यावर, प्रत्यक्ष माल हलायच्याही आधी!

आपल्याकडे २०२२ मध्ये तेच. मार्चच्या उन्हाने गहू करपला, बाहेर युक्रेनच्या युद्धामुळे भाव चढलेले, शेतकऱ्याने हमीभावापेक्षा जास्त देणाऱ्याला विकलं, त्यामुळे सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. १३ मे ला निर्यातबंदी झाली. पण गहू नंतर चढतच गेला, आणि खाली आला तो जानेवारी २०२३ मध्ये सरकारने आपल्या साठ्यातला ३० लाख टन गहू खुल्या बाजारात विकायला काढला तेव्हा. म्हणजे भाव पाडतं ते बाजारात आलेलं खरंखुरं धान्य. बंदीने फक्त शेतकऱ्याचं वरचं गिऱ्हाईक गेलं.

म्हणूनच मी काही "सरकारने बाजूला व्हावं" म्हणणाऱ्यांतला नाही हां. आफ्रिकेतल्या मलावीने २००१ च्या आसपास आपला राखीव मका विकून टाकला, साठा कमी करा असा बाहेरच्यांचा सल्लाही होता, आणि पीक कमी आलं तेव्हा कोठार रिकामं होतं. लोक उपाशी मेले. राखीव साठा हवाच, त्यावर वाद नको.

"मधले काढा, सरकारनेच सगळं घ्यावं." एप्रिल १९७३ मध्ये भारतात गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने ताब्यात घेतला होता, हे आज फार कुणाला आठवत नाही. ठरवलेली खरेदी झालीच नाही, शेतकऱ्यांनी माल मागे ठेवला, आणि वर्षभरात निर्णय मागे घ्यावा लागला. थायलंडने २०११ मध्ये शेतकऱ्यांकडून बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने भात घ्यायला सुरुवात केली, कल्पना अशी की आपण माल दाबून ठेवला की जगातला भाव वर जाईल. म्हणजे देशानेच साठेबाजी केली! त्याच वेळी भारताने तांदळाची निर्यात पुन्हा सुरू केली, भाव काही चढला नाही, गोदामं भरत गेली, तांदूळ निर्यातीतला थायलंडचा पहिला नंबर गेला आणि २०१४ ला योजना गुंडाळताना कित्येक शेतकऱ्यांचे पैसेसुद्धा थकलेले होते.

मधला माणूस छोटे छोटे ढीग गोळा करतो, उधारी देतो, वाहतूक बघतो. तो एकटाच असेल तर पिळतो, हे शंभर टक्के खरं. त्यावर औषध म्हणजे रस्ता, खरा काटा, गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर कर्ज आणि दुसरा खरेदीदार. नुसता कायदा रद्द करूनही दुसरा खरेदीदार उगवत नाही, बिहारने २००६ मध्ये बाजार समिती कायदा रद्द केला आणि पुढे बाजाराच्या जागाच पडझडीला आल्या.

राहिला "अचानक करा" हा मुद्दा, आणि मला यातच सगळ्यात जास्त धोका दिसतो. २०२२ ची बंदी एका रात्रीत आली तेव्हा कांडला बंदराबाहेर गव्हाने भरलेले हजारो ट्रक अडकून पडले. ज्याचा माल असा अडकला तो पुढच्या वर्षी खरेदीला उतरताना हा धोका आधीच भावात धरतो आणि तेवढे पैसे शेतकऱ्याला कमी देतो, मेसेजमध्ये ज्याच्या नावाने एवढं लिहिलंय त्याच शेतकऱ्याला. त्यापेक्षा भाव अमुक पातळीला गेला की अमुक टन सोडू आणि अमुकच्या खाली गेला की खरेदी करू, हे सुगीच्या आधी जाहीर करा आणि वर्षभर पाळा, मग दाबून ठेवण्यात कुणाला फारसं काही सुटणारही नाही.